काखेत कळसा, नदीला वळसा



दर पावसाळ्यात आमच्या घरी सांगलीहून एक ठरलेला फोन येतो. मुलांची आजी आधी तब्येतीचं विचारते आणि मग आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या घरात हा आकडा म्हणजे नुसत्या गप्पा नसतात. सामान माडीवर चढवायचं की नाही, ते त्यावरून ठरतं. त्यामुळे शिकागोच्या उपनगरात जन्मून वाढलेल्या आमच्या दोन्ही मुलांना "४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका" हे पाढ्यासारखं पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी असाच फोन झाला आणि थोरलीनं विचारलं, "आणि आपल्या नदीला किती पाणी आहे?"

"आत्ताच आजीनं सांगितलं की!"

"ती तुमची नदी. मी इथल्या नदीचं विचारतेय."

आम्ही दोघंही गप्प झालो. फॉक्स नदी आमच्या घरापासून गाडीनं बारा मिनिटांवर आहे. तिच्यावरचे पूल आम्ही अकरा वर्षं ओलांडत होतो, कधी ऑफिसला जाताना, कधी दातांच्या डॉक्टरांकडे, कधी या मराठी शाळेलाही. पण ती कुठून येते, कुठे जाते, तिच्या काठाला काय आहे, यातलं एकही वाक्य आम्हाला सांगता आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

त्याच महिन्यात थोरलीनं दुसरा बाँब टाकला. पुढच्या सत्रापासून मराठी शाळेला येणार नाही म्हणाली. कारण विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मराठी आजीशी बोलायला लागतं, तेवढं मला येतं. बाकी इथे मराठीत बोलण्यासारखं आहे काय?"

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं की पोरीचं चुकतंय कुठे? आपण मुलांना मराठीतून शिकवतो ती सगळी तिकडची नावं. तिकडचे किल्ले, तिकडचे सण, तिकडची फळं. ते हवंच. पण मूल ज्या मातीवर रोज चालतं, तिच्यासाठी आपण त्याला मराठीत एकही शब्द दिलेला नाही. मग घरातलं मराठी "जेव", "झोप", "अभ्यास कर" आणि "आवाज कमी कर" एवढ्यावर येऊन थांबतं. अशा भाषेला मूल कंटाळलं तर दोष मुलाचा नाही.

म्हणून आमचं मत सरळ मांडतो. आपल्या मुलांचं मराठी टिकायचं असेल तर ते इथल्या जागेत रुजायला हवं, आणि त्याची सुरुवात करायला भाड्याची सायकल आणि नदीकाठची वाट यांच्यासारखं स्वस्त आणि सोपं साधन नाही.

भाड्याचीच का, ते आधी सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. आमच्यापैकी एकाचं लहानपण सांगलीत गेलं. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर सायकल मिळायची, तासाला एक रुपया. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा, अनामत वगैरे काही नाही, कारण तो वडिलांना ओळखायचा. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो. तास संपायच्या आत सायकल परत करायची म्हणून एकेक मिनिट पुरवून वापरलं जायचं. स्वतःची सायकल आल्यावर मात्र ती शाळेत जायचं वाहन झाली आणि तिचं अप्रूप संपलं.

इथेही तेच होतं. कित्येक गॅरेजांत चार चार सायकली धूळ खात उभ्या आहेत. मुलं वर्षाला दोन इंच वाढतात, टायरमधली हवा जाते, गाडीला लावायचा रॅक सापडत नाही, आणि बेत बारगळतो. नदीकाठच्या गावांत सायकलींची दुकानं आहेत. काही ठिकाणी अर्ध्या दिवसासाठी सायकल भाड्यानं मिळते. दुकानदार उंची बघून सीट लावून देतो, हेल्मेट देतो, ब्रेक तपासून देतो. आधी फोन करून मापाच्या सायकली आहेत ना, एवढं विचारून घ्यावं. आम्हा चौघांचं भाडं साधारण एका सिनेमाच्या संध्याकाळीइतकं झालं. शिवाय परत करायची वेळ ठरलेली असल्यामुळे "आता निघू, मग निघू" होत नाही.

आणखी एक फायदा आम्हाला नंतर कळला. भाड्याची सायकल सगळ्यांनाच परकी असते. त्यामुळे त्या दिवशी घरात कुणी गुरू नसतो.

पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. आमच्यापैकी एकीनं दहावीनंतर सायकलला हात लावलेला नव्हता. दुकानामागच्या मोकळ्या जागेत बारा वर्षांच्या धाकट्यानं मागून सीट धरली आणि "आई, खाली बघू नकोस, समोर बघ!" असं ओरडत तो पळत राहिला. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हीच त्याला सहा वर्षांपूर्वी ते म्हटलं होतं, आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. दुसऱ्याची गत वेगळी. सायकल हातात आल्याबरोबर सांगलीचे पाय जागे झाले आणि स्वारी सरळ डाव्या बाजूनं निघाली! इथे उजवीकडून चालवायचं आणि पुढच्याला गाठताना डावीकडून जायचं, तेही आधी आवाज देऊन. समोरून येणाऱ्या आजोबांनी घंटी वाजवून आम्हाला वाट दाखवली. थोरलीनं डोक्याला हात लावला आणि मग स्वतःच नियम केला, "मी पुढे राहीन. मी 'डावीकडून!' म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं." मराठी शाळा सोडायला निघालेली मुलगी तीन मैल मराठीत हुकूम सोडत होती.

आता ही वाट काय आहे ते सांगतो. मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी.

फॉक्स नदी विस्कॉन्सिनमध्ये उगम पावते, दक्षिणेला सुमारे २०० मैल वाहते आणि ऑटावा गावाजवळ इलिनॉय नदीला मिळते. पुढे ते पाणी मिसिसिपीत जातं. तिच्या काठानं ऑल्गॉन्क्विनपासून ऑरोरापर्यंत तीस मैलांहून लांब फॉक्स रिव्हर ट्रेल आहे. नवशिक्यांना ती सोपी जाते, कारण तिचा बराचसा भाग सपाट आहे. आणि तो सपाट का आहे? कारण तिथून पूर्वी विजेवरची आगगाडी धावायची! आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही जमीन सारखी करून ठेवली. आज आपले गुडघे त्याचा फायदा घेतात.

या नदीच्या गावांना शिकागोशी जोडणारी शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन ही आगगाडी ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी बंद पडली. सकाळी कामाला शहरात गेलेली हजारो माणसं संध्याकाळी घरी यायला निघाली, तर गाडीच नाही! (ऐन दुपारी सिस्टीम बंद करू नये, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी इथून शिकावं.) पुढे रूळ उखडले, जागा ओस पडली. तेव्हा लाइलच्या मॉर्टन आर्बोरीटमशी संबंधित निसर्गअभ्यासक मे थीलगार्ड वॉट्स यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला एक पत्र लिहिलं. या पट्ट्यावर इमारती आणि पार्किंग होण्याआधी त्याची पायवाट करा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या एका पत्रातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. जुन्या लोहमार्गावर झालेल्या अमेरिकेतल्या पहिल्या वाटांपैकी तो एक. त्याच्या शाखा आपल्या नदीकाठच्या वाटेला येऊन मिळतात. वर्तमानपत्राला पत्र लिहून काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी या वाटेवर एकदा चालून पाहावं.

आम्ही बटेव्हियापासून उत्तरेला जिनिव्हाच्या दिशेनं निघालो. हे अंतर जेमतेम तीन मैलांचं आहे. पण आम्हाला दीड तास लागला, कारण दर दोनशे पावलांवर कुणीतरी थांबत होतं. एका ओंडक्यावर कासवं ओळीनं ऊन खात बसली होती. राखी-निळा बगळा एका पायावर उभा होता. खडकावर पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. आणि एक छोटा पक्षी सूर मारून मासा घेऊन गेला तेव्हा आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघालं, "अरे, खंड्या!" धाकट्याला तो शब्द इतका आवडला की पुढे दिसेल त्या पक्ष्याला तो खंड्या म्हणू लागला. इथला खंड्या कृष्णाकाठच्या खंड्यासारखा झगझगीत निळा-तपकिरी नसतो, त्याच्या डोक्यावर शेंडी असते आणि गळ्याशी पट्टा असतो. पण सूर मारायची पद्धत तीच, चोचही तशीच लांब. त्याला आमच्या मुलांनी त्या दिवशी मराठीत नाव दिलं.

वाटेत पूर्वेच्या काठावर फेबियन पवनचक्की लागते. डच धाटणीची, पाच मजली, ६८ फूट उंच. ती जर्मन कारागिरांनी १८७० च्या दशकात लॉम्बार्डजवळ बांधली होती. जॉर्ज फेबियन या श्रीमंत गृहस्थानं ती विकत घेतली आणि १९१५ मध्ये तुकडे करून इथे आणून पुन्हा उभी केली. १९८० मध्ये ती टपाल तिकिटावरही आली. आम्ही तिच्या सावलीत डबे उघडले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

पूल ओलांडून पलीकडे गेलं की फेबियनचं घर आणि जपानी बाग लागते. या माणसानं आपल्या इस्टेटीवर रिव्हरबँक नावाची प्रयोगशाळा काढली होती. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पासवर्ड, एन्क्रिप्शन हे आमचं रोजचं पीठमीठ. आणि अमेरिकेतल्या आधुनिक गूढलिपीशास्त्राचा पाया आमच्या घरापासून बारा मिनिटांवर घातला गेला, हे आम्हाला अकरा वर्षं माहीत नव्हतं! विल्यम फ्रीडमन आणि एलिझबेथ स्मिथ इथे कामाला आले, तो गव्हाच्या आनुवंशिकतेसाठी आणि ती शेक्सपिअरच्या नाटकांत दडवलेला संदेश शोधण्यासाठी. दोघांचं १९१७ मध्ये लग्न झालं आणि पहिल्या महायुद्धात ती दोघं सरकारसाठी शत्रूचे गुप्त संदेश उलगडू लागली.

आता नीट ऐका. त्यांच्याकडे आलेल्या संदेशांत काही आपल्या माणसांचेही होते. जर्मनीच्या मदतीनं इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या हिंदी क्रांतिकारकांची ती पत्रं होती. एका पत्रात अक्षरांऐवजी नुसते आकडे होते, एका पुस्तकातलं पान, ओळ आणि अक्षर सांगणारे. ते पुस्तक हातात नसताना फ्रीडमननं ते पत्र वाचलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात त्यानं साक्षही दिली. हा खटला १९१७-१८ मध्ये चालला. त्या काळात अमेरिकेत उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत आपली मराठी मुलंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यातलेच. आणि पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे, जे इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत आले होते. ते परत गेले, पकडले गेले आणि खटल्याच्या आधीच, १६ नोव्हेंबर १९१५ रोजी, लाहोरला फासावर गेले. इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेत आलेलो आपणच पहिले, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळं आम्ही तिथल्या बाकावर बसून मुलांना सांगत होतो. थोडं आधी वाचलेलं, थोडं तिथल्या तिथे फोनवर पडताळलेलं. थोरली बराच वेळ काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर, शेजारी शेजारी सायकल चालवताना, समोर बघतच तिनं विचारलं, "मग यात चांगली माणसं कोण? ती पत्रं लिहिणारी, की ती फोडणारी?"

आम्ही म्हटलं की दोघंही आपापल्या बाजूनं काम करत होते.

"पण आपण कुठल्या बाजूचे?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं, अजूनही नाही. पिंगळे आमचे आहेत. आणि फ्रीडमन दांपत्यानं केलेली विद्या आमची रोजीरोटी आहे. ज्या देशाच्या कोर्टात ते खटले चालले त्याच देशात आमची मुलं जन्मली. आम्ही तिला एवढंच सांगितलं की दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत, आणि दोन्ही माहीत असलेलं बरं. त्यावर ती वाद घालू लागली. पुढचा अर्धा तास तिनं मराठीत वाद घातला. मधेच इंग्रजी शब्द येत होते, क्रियापदं धडपडत होती, पण वाद मराठीत चालू होता. "मराठीत बोलण्यासारखं आहे काय?" असं विचारणारी तीच मुलगी.

जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न तिनं विचारला नसता. समोरासमोर बसलं की मुलांना चौकशी वाटते. शेजारी शेजारी, दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलणं सुचतं. गाडीतही हे होऊ शकतं, असं कुणी म्हणेल. पण गाडीत मागच्या सीटवर हेडफोन असतात. आणि त्या पुलावरून गाडीतून जाताना आम्हाला अकरा वर्षांत काय दिसलं, ते वर सांगितलंच आहे.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला, वेळ कुठे आहे? पोहणं, बुद्धिबळ, गणिताचा क्लास, गाणं यांतून अर्धा दिवस काढायचा कसा? आमचं उत्तर असं की आम्ही वर्षातून चारच रविवार ठरवले, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान. चार रविवारांनी कुणाचं गणित कच्चं राहत नाही. दुसरा आक्षेप, धोका. तो खरा आहे आणि त्याचं भान हवंच. हेल्मेट प्रत्येकानं घालायचं, पालकांनीसुद्धा. रस्ता ओलांडताना उतरून चालायचं. जोराचा पाऊस झाल्यावर सखल भागात वाटेवर पाणी येतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करायची. आणि नदीवरच्या बंधाऱ्यांजवळ पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. दिसायला ती कमरेएवढी शोभेची धार असते, पण खाली पडणारं पाणी उलटं फिरून माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढतं. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही. कृष्णेला मान देतो तसाच हिलाही द्यायचा.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. काही पालक म्हणतात, मुलांना इथल्या गोष्टी शाळेत कळतातच, आपण तिकडच्या सांगाव्यात, नाहीतर त्या कोण सांगणार? या म्हणण्यात तथ्य आहे. पण आमचा अनुभव उलटा आहे. पिंगळे आमच्या मुलांना फॉक्स नदीच्या काठावर भेटले. तळेगाव ढमढेरे नकाशावर शोधायला थोरलीला आम्ही सांगितलं नाही, तिनं घरी आल्यावर आपणहून शोधलं. इथली जागा पक्की कळली की तिथे पोचायची वाट सापडते.

म्हणून शाळेच्या शिक्षकांना आणि पालकमंडळींना एक सुचवतो. येत्या वसंतात एक वर्ग नदीकाठी भरवू या. ज्यांच्याकडे सायकली आहेत त्यांनी आणाव्यात, बाकीच्यांनी भाड्यानं घ्याव्यात. ज्यांना चालवता येत नाही त्यांना शिकवायला आमचा धाकटा तयार आहे, त्याला आता अनुभव आहे! पवनचक्कीपाशी डबे. आणि एक खेळ: आपलं पाठ्यपुस्तक घेऊन पान, ओळ आणि अक्षर यांच्या आकड्यांनी मराठीत गुप्त पत्रं लिहायची आणि दुसऱ्या गटानं ती वाचायची. जोडाक्षरं एक धरायची की दोन, यावर भांडण होईल. होऊ दे, ते भांडण मराठीचंच आहे.

थोरली त्या सत्रात मराठी शाळेला आली. पुढचंही आली. पुढच्या वर्षी येईल की नाही, ते ती ठरवेल, ती आता मोठी झाली आहे. पण गेल्या जुलैत आजीचा फोन आला तेव्हा आजीनं कृष्णेचा आकडा सांगितला, आणि हिनं लगेच फॉक्स नदीचा सांगितला, फुटांत. फॉक्सची पातळीही रोज मोजली जाते, हे तिनं केव्हा शोधून काढलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

आजीनं विचारलं, "मग तुमच्याकडे इशारा कितीला असतो गं?"

दोघी पंधरा मिनिटं बोलत होत्या. आम्ही मध्ये पडलो नाही.